खुनाच्या प्रकरणातल्या अल्पवयीन मुलाची पार्श्वभूमी कशी तपासायची? विदर्भातल्या खेड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात खून होतो, संशयित सोळा-सतरा वर्षांचा निघतो, आणि दोन दिवसांत गावाचं मत पक्कं होतं. पुढे लिहिला जाणारा सामाजिक तपासणी अहवाल पुष्कळदा त्याच मतावर बेतलेला असतो. तसं होऊ नये म्हणून ही प्रश्नोत्तरं आहेत. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), जिल्हा बाल संरक्षण कक्षातले कार्यकर्ते, विधी सेवा प्राधिकरणाचे वकील, पोलीस पाटील आणि ज्यांच्या घरावर ही वेळ आली आहे ते आईवडील, अशा सगळ्यांसाठी ती लिहिली आहेत.

पोरावर खुनाचा आळ आहे. मग त्याचं लहानपण तपासून काय साधतं?

खून त्यानं केला की नाही, हे ठरवणं या अहवालाचं काम नाही. त्यासाठी पोलिसांचा तपास आहे आणि पुढे बाल न्याय मंडळाची चौकशी आहे. हा मुलगा कोण आहे, कसा वाढला, कुणाच्या हाताखाली होता, त्याला काय कळतं आणि यापुढे त्याला कुठे ठेवलं तर तो सुधारेल, हे अहवालानं सांगायचं असतं.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. ज्या गुन्ह्यांना किमान सात वर्षांची शिक्षा आहे, त्या गटात खून येतो. मुलाची १६ वर्षं पूर्ण झालेली असतील, तर कलम १५ प्रमाणे मंडळाला प्राथमिक मूल्यांकन करावं लागतं. त्यात तीन गोष्टी पाहतात: असा गुन्हा करण्याची शारीरिक व मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि ज्या परिस्थितीत तो घडल्याचा आरोप आहे ती परिस्थिती. त्यावरून प्रकरण मंडळाकडेच राहतं किंवा बाल न्यायालयाकडे जातं. मंडळाकडे राहिलं तर जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, म्हणजे सुधारगृह. बाल न्यायालयानं प्रौढाप्रमाणे खटला चालवला तर शिक्षा त्याहून मोठी होऊ शकते, मात्र फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. अहवालातली एक बेजबाबदार ओळ किती महाग पडू शकते, हे यावरून लक्षात यावं.

तपासणी कोण करतं आणि मुदत किती?

मुलाला ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. लॉकअप नाही, बेडी नाही, जबाबावर सही नाही. पोलीस ठाण्यातला बाल कल्याण पोलीस अधिकारी सामाजिक पार्श्वभूमीचा छोटा नमुना भरतो. आदर्श नियम २०१६ मध्ये तो नमुना १ आहे. खरा, सविस्तर अहवाल परिविक्षा अधिकारी लिहितो. तो नमुना ६, आणि पहिल्या हजेरीपासून १५ दिवसांत तो मंडळाकडे जायला हवा. परिविक्षा अधिकारी उपलब्ध नसेल तर मंडळ बाल कल्याण अधिकाऱ्याला किंवा सामाजिक कार्यकर्त्याला नेमतं. प्राथमिक मूल्यांकनासाठी पहिल्या हजेरीपासून तीन महिने मिळतात.

नमुना १ मधला मजकूर नमुना ६ मध्ये जसाच्या तसा उतरवणं, ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. पोलिसांनी ती माहिती घाईत घेतलेली असते. अनेकदा आईवडील अजून गावातून निघालेलेही नसतात, आणि सांगणारा भलताच कुणी असतो.

पंधरा दिवस पुरतात का?

पुरतात, पण जीप कधी मिळेल याची वाट पाहत बसलं तर नाही. पहिल्या दोन दिवसांत निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलाला ठेवतात ते गृह) मुलाची भेट घ्या आणि शाळा, ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र यांना पत्रं पाठवा. तिसऱ्या ते सहाव्या दिवसात पहिली गृहचौकशी उरका. सातव्या-आठव्या दिवशी मुलाला पुन्हा भेटा, कारण घरी जे कळलं ते त्याच्याशी ताडून पाहायचं असतं. नवव्या ते अकराव्या दिवसात दुसऱ्यांदा गावात जा आणि शाळेत स्वतः बसून रजिस्टर पाहा. उरलेले दिवस लिहिण्यासाठी आणि राहिलेल्या कागदासाठी. दुसरी फेरी संध्याकाळची असावी. दिवसा सगळे वावरात असतात, घरी आजी आणि लहान पोरंच भेटतात.

वय कसं ठरवायचं? शाळेत तर अर्ध्या पोरांची जन्मतारीख १ जून आहे.

गुन्हा घडला त्या दिवशीचं वय धरायचं. कलम ९४ चा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय चाचणी. आधार कार्ड या यादीत नाही. हाडांच्या चाचणीत दोनेक वर्षांचा फरक पडू शकतो. मुलगा सोळाच्या उंबरठ्यावर असेल तर त्या फरकावरच कायद्याचा सगळा मार्ग बदलतो.

फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्यावर थांबू नका. दाखल-खारीज रजिस्टरची मूळ नोंद पाहा: पहिलीत घालताना तारीख कुणी सांगितली, कोणत्या कागदावरून लिहिली, खाडाखोड आहे का. गुरुजींनी अंदाजानं १ जून टाकलेली असेल तर तसं लेखी घ्या. शेजारी अंगणवाडीचं रजिस्टर, आईचं माता-बाल संरक्षण कार्ड आणि बाळंतपण झालं त्या दवाखान्याची नोंद ठेवा. मागच्या-पुढच्या भावंडांच्या तारखाही लिहा. दोन सख्ख्या भावांत चार महिन्यांचं अंतर निघालं, तर चूक कुठे आहे ते आपोआप दिसतं.

मुलाशी पहिल्यांदा काय बोलायचं?

घटनेबद्दल काही नाही. जेवला का, झोप लागते का, कुठे दुखतं का, घरी निरोप गेला का, हे विचारा. अंगावर वळ किंवा सूज दिसली तर त्याच दिवशी लिहून मंडळाला कळवा. ताब्यात कधी घेतलं, हे मुलाला, आईला आणि पोलीस पाटलाला वेगवेगळं विचारा. कागदावरची वेळ आणि या तिघांची वेळ जुळत नसेल, तर ते अहवालात यायलाच हवं.

चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या तीन बैठका एका तीन तासांच्या बैठकीपेक्षा पुष्कळ जास्त देतात. खोलीत पोलीस नको, आईवडीलही निदान अर्धा वेळ बाहेर. कोऱ्या कागदावर त्याच्या आयुष्याची रेघ काढा. खेड्यातल्या मुलाला सन-महिना आठवत नाही. "बाळा, तेव्हा तू कितवीत होतास? पोळा झाला होता का? कापूस घरात आला होता का?" असं विचारलं की आठवतं. घर कधी बदललं, कोण वारलं, शाळा कधी सुटली, पहिली मजुरी कुणाकडे केली, मार कुणाचा खाल्ला, हे त्या रेघेवर मांडत जा. दुसऱ्या भेटीत तोच कागद पुढे ठेवला की मुलगा स्वतः दुरुस्त्या सांगतो.

तो स्वतःहून "मीच मारलं" म्हणाला तर लिहायचं का?

नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) चा हक्क आहे आणि अठरा वर्षांखालचं मूल निर्दोष मानूनच सुरुवात करावी, हे या कायद्याचं पहिलं तत्त्व आहे. सामाजिक अहवाल हा कबुलीजबाब घेण्याचा आडमार्ग होता कामा नये. तो बोलू लागला तर शांतपणे थांबवा, "हे तुझ्या वकिलाजवळ बोल" असं सांगा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, आणि मुलाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. धुऱ्याच्या वादात किंवा घरच्या भांडणात मोठ्यांनी केलेलं कृत्य पोराच्या माथी मारलं जातं. "तू लहान आहेस, तुला काही होत नाही, दोन वर्षांत सुटशील," असं काका-मामाच सांगतात. अशा मुलाचं बोलणं पाठ केल्यासारखं असतं. तेच शब्द, तोच क्रम, आणि आधी-नंतरचं विचारलं की गप्प. तुम्ही निष्कर्ष काढू नका, पण कुणाचा दबाव होता असं दिसलं तर ती परिस्थिती नोंदवा. मुलांना बेकायदा कामात वापरणाऱ्या प्रौढांना कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मुलाला मराठी नीट येत नसेल तर?

धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, झरी-जामणी, पांढरकवड्याकडे कोलामी, पुसद-दिग्रसच्या तांड्यांत गोरमाटी. अशा मुलाला "परिणाम समजतो का?" असं पुस्तकी मराठीत विचारलं तर तो "हो जी" म्हणतो. ते "हो जी" समजल्याचं नसतं, समोरच्या साहेबाचा मान राखण्याचं असतं. त्याच्या बोलीत त्यालाच परत सांगायला लावा. दुभाषी नात्यातला नको, पोलीस नको, मृताच्या वस्तीतलाही नको. आश्रमशाळेतले शिक्षक किंवा दुसऱ्या गावची आशा ताई चालतात. दुभाषी वापरला हे अहवालात लिहा, नाहीतर मुलाचं गप्प राहणं "उद्धटपणा" म्हणून वाचलं जातं.

घरी गेल्यावर काय पाहायचं?

किती खोल्या, किती माणसं, मुलगा झोपायचा कुठे. घरात, ओसरीवर, की कोठ्यात गुरांजवळ? रात्री जागलीला जायचा का? सोयाबीन आणि तूर उभी असताना रानडुकरं आणि रोह्यांपासून पीक राखायला पोरांना रात्ररात्र मळ्यावर बसवतात. त्या महिन्यांत शाळेची हजेरी पडते, झोप मोडते, आणि सोबत मोठ्या माणसांची असते, त्यांच्या दारूसकट. "शाळेला दांड्या मारायचा" या ओळीमागे कधी कधी एवढंच असतं.

आई, वडील, आजी, थोरलं भावंड यांच्याशी वेगवेगळं बोला. सगळ्यांना एकत्र बसवलं तर बाप बोलतो आणि बाकीचे मान हलवतात. घरात कुणाचा हात उठतो, हे आईला अंगणात नाही, विहिरीकडे किंवा चुलीपाशी विचारावं. घरात शेतकरी आत्महत्या झाली असेल तर तहसील कार्यालयात त्या प्रकरणाची फाईल असते. कुटुंब मदतीस पात्र ठरलं की अपात्र, एक लाख रुपये मिळाले की नाही, ते तिथे कळतं. बाप गेल्यावर चौदा वर्षांचं पोरगं कर्तं झालं, सावकाराला तोंड देऊ लागलं, हे फाईलच्या तारखांसकट लिहिलं तर त्याला वजन येतं. नुसतं "घरची परिस्थिती हलाखीची" असं लिहून कुणालाच काही कळत नाही.

गावकरी म्हणतात, "तो पोट्टा पहिल्यापासूनच तसा होता." हे लिहायचं का?

पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय नाही. "तसा म्हणजे कसा? तुम्ही स्वतः काय पाहिलं? कधी?" निम्म्याहून अधिक लोक इथे "मी नाही पाहिलं, पण लोक म्हणतात" वर येतात. वहीत तीन रकाने आखा: स्वतः पाहिलं, दुसऱ्याकडून ऐकलं, कागदावर आहे. अहवालात पहिला आणि तिसरा रकाना वापरा. दुसरा वापरायचा तर तो ऐकीव आहे असं स्पष्ट लिहून.

आठ ते बारा माणसांशी बोलणं पुरेसं आहे, पण ती एकाच आळीतली नकोत. गावात निवडणुकीचे दोन गट असतात, वस्त्या जातीनं वेगळ्या असतात, मृताचे भाऊबंद असतात. सरपंचाच्या ओसरीवर बसून घेतलेली दहा मतं ही खरं तर एकच मत असतं. ज्याच्या वावरात तो मजुरीला जायचा तो शेतकरी, ट्रॅक्टरवाला, पानठेलेवाला, अंगणवाडी सेविका यांनी मुलाला रोज पाहिलेलं असतं. त्यांच्याकडे आधी जा. "एकदा तरी त्यानं चांगलं वागल्याचं आठवतं का?" हेही सगळ्यांना विचारा. ते विचारायचं राहूनच जातं.

जात आणि समाज लिहावा लागतो. त्यात धोका काय?

नमुन्यात रकाना आहे, तेवढं भरा. जात हे कारण म्हणून लिहू नका. पारधी बेड्यावरचा मुलगा असेल तर "समाजात गुन्हेगारीची पार्श्वभूमी" असं वाक्य सहज उतरतं. ज्या इंग्रजी कायद्यानं पूर्ण जमातीच गुन्हेगार ठरवल्या होत्या, तो १९५२ मध्येच रद्द झाला. ते वाक्य अहवालात दिसलं तर वकिलानं त्यावर हरकत घ्यावी आणि मंडळानं ते बाजूला ठेवावं. घरातल्या एखाद्या माणसावर खरोखर गुन्हा असेल तर कोण, कोणता, निकाल काय, एवढं लिहा.

शाळेतून काय मिळतं?

पत्रात गुन्ह्याचा उल्लेख करू नका. "बाल न्याय मंडळाच्या कामासाठी" एवढंच पुरे. मागील तीन-चार वर्षांचे हजेरीपट मागा आणि गैरहजेरी महिन्यावार मांडा. ऑक्टोबर ते डिसेंबरात खाडे असतील तर वेचणी किंवा जागल. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत नाव आहे पण मूल नाही, तर घरचे तेलंगणात मिरची तोडायला किंवा वीटभट्टीवर गेले होते का ते पाहा. खाडे अचानक एका आठवड्यापासून सुरू झाले असतील तर त्या आठवड्यात काहीतरी घडलेलं असतं. तो धागा सोडू नका.

गुणपत्रकावर विसंबू नका. आठवी पास मुलाला चौथीच्या मराठीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला द्या आणि काय समजलं ते विचारा. अडखळला तर बौद्धिक तपासणीची विनंती करायला तो ठोस आधार होतो. वर्गशिक्षकापेक्षा कधी कधी पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला जास्त माहीत असतं, कोण उपाशी येतं ते.

खर्रा खातो, दारू पितो. हे कितपत महत्त्वाचं?

खर्रा इथे पोरं पाचवी-सहावीपासून खातात. त्यावरून कुणी गुन्हेगारी वृत्तीचा ठरत नाही. विचारायचं ते असं: पहिल्यांदा कुणी दिलं, किती वर्षांचा असताना, रोज किती, पैसा कुठून येतो, बंद केलं तर काय होतं. मोहाची दारू, गांजा, पंक्चरचं सोल्युशन यांची वेगवेगळी नोंद ठेवा. निरीक्षणगृहात आल्यावर पहिले चार-पाच दिवस चिडचिड, हात थरथरणं, झोप नसणं दिसलं तर ते व्यसन सुटल्याचं असू शकतं. अशा दिवसांत मानसिक चाचणी घेऊ नये. डॉक्टरला दाखवावं.

मानसिक मूल्यांकन कोण करतं? जिल्ह्यात बालमानसतज्ज्ञ नाही.

मंडळावर न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. हरियाणातल्या एका शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १३ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केलं की मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमानसोपचाराची पदवी घेतलेला, व्यवसाय करणारा तज्ज्ञ नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे. जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग, नागपूर, यवतमाळ, अकोला इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्रामचं रुग्णालय, नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय यांच्याकडे मंडळामार्फत पत्र जातं. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून मागणी पहिल्या आठवड्यातच करा.

नुसता बुद्ध्यांक म्हणजे मूल्यांकन नव्हे. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली बुद्धिमापन चाचणी साधारण ६ ते १५ वयासाठी आहे. सतरा वर्षांच्या मुलाला तीच लावून अहवाल आला तर प्रश्न विचारा. चाचणी कोणत्या भाषेत झाली, किती वेळ चालली, तज्ज्ञाला पार्श्वभूमीचे कागद दिले होते का, हेही विचारा. तज्ज्ञाकडे जाताना डोक्याला जुना मार, फिट, ताप मेंदूत गेल्याचा इतिहास, फवारणीतली विषबाधा, सिकलसेलची नोंद यांचे कागद सोबत द्या. "शारीरिक क्षमता: आहे" असा एका शब्दाचा शेरा पुरत नाही. "परिणाम" या शब्दात मृताच्या घराचं काय होईल, स्वतःचं काय होईल, दूरवर काय होईल, हे सगळं येतं.

तपासणीत मुलावरच अत्याचार झाल्याचं कळलं तर?

लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गुप्ततेचं कारण चालत नाही. अत्याचार करणारा मृत व्यक्तीच असल्याचं मूल सांगत असेल तर प्रकरण फार नाजूक होतं. हेच हेतू म्हणून मुलाविरुद्ध वापरलं जाऊ शकतं आणि हेच त्याच्या परिस्थितीचं सगळ्यात मोठं सत्यही असू शकतं. म्हणून त्याच दिवशी वकिलाला सांगा, मंडळाला बंद पाकिटात कळवा, गावात कुणाजवळही शब्द काढू नका आणि मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका.

मूल जेवण सोडतंय, "आता जगून काय" म्हणतंय असं दिसलं तर निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांना तोंडी आणि लेखी लगेच सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ चोवीस तास चालतो.

मृताच्या घरी जावं का?

अहवालासाठी गरज नसते. त्यांच्या दुःखात आपण वही घेऊन जाऊ नये, असं आम्हाला वाटतं. त्यांनी स्वतः बोलावलं तर जा, ऐका, पण इकडचे निरोप तिकडे नेऊ नका आणि समेटाचा विषय काढू नका. खुनात तडजोड होत नाही.

गावच्या ग्रुपवर मुलाचा फोटो फिरतोय.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्क्रीनशॉट तारखेसह मंडळापुढे ठेवा. पोलीस पाटलानं ग्रुपवर एकदा स्पष्ट लिहिलं तर बहुतेक लोक काढून टाकतात.

शिफारस कशी लिहायची?

"मुलगा सुधारण्यायोग्य आहे" या वाक्यात काहीच सांगितलेलं नाही. कलम १२ प्रमाणे जामीन नाकारण्याची कारणं मोजकीच आहेत: गुन्हेगारांची संगत लागणं, मुलाला धोका असणं किंवा न्यायाला बाधा येणं. गावात सूड घेतला जाईल ही भीती खरी असते, आणि त्याच कारणावरून मुलं महिनोन्महिने निरीक्षणगृहात राहतात. म्हणून पर्याय शोधूनच शिफारस करा. मामाचं गाव किती किलोमीटरवर, मामा-मामींची लेखी तयारी आहे का, तिथे शाळा किंवा आयटीआय आहे का, महिन्यातून किती वेळा हजेरी शक्य आहे, एसटी आहे का. शाळा सुटलेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येईल का, मुदत कधी संपते, तेही लिहा.

अहवालात चुकीचं लिहिलंय असं आईवडिलांना वाटलं तर?

अहवाल गोपनीय असतो, पण कलम ९९ प्रमाणे मंडळ त्याचा आशय मुलाला किंवा पालकांना सांगू शकतं आणि पुरावा देण्याची संधी देऊ शकतं. वकिलामार्फत एका पानाचा अर्ज करा: कोणतं विधान चूक, खरं काय, कोणता कागद जोडला. "सगळं खोटं आहे" असं लिहिलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह. प्राथमिक मूल्यांकनाचा आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांच्या आत सत्र न्यायालयात अपील करता येतं. आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज त्याच दिवशी टाका, कारण प्रत हाती यायलाच त्यातले बरेच दिवस जातात.